ॲप तर बनवलं, पण प्रश्न कुठंय?

थिसिसचा सीझन आलाय हे पत्रांवरूनच कळतं. यावेळची जवळजवळ सगळी पत्रं एचसीआयवाल्या पोरापोरींची आहेत. एचसीआय म्हणजे ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, माणूस मशीन कसं वापरतो, कुठं अडतो, का अडतो याचा अभ्यास. एक पत्र मात्र एका वडिलांचं आहे आणि मला तेच सगळ्यात आवडलं, म्हणून आधी ते घेते. बाकीची थोडी छाटलीत, सारखी होती ती एकत्र केलीत.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी बी.ई. कॉम्प्युटर करून अमेरिकेत मास्टर्स करतेय. विषय विचारला की एचसीआय म्हणते. फोन केला की कधी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसून लोकांचं निरीक्षण करत असते, कधी भिंतीवर रंगीत चिकट कागद लावत असते. कोडिंग करताना मी तिला पाहिलंच नाही. एवढं कर्ज काढलंय, हे नक्की कॉम्प्युटरचंच शिक्षण आहे ना? — एक वडील, सांगली

उत्तर : आहे काका, अगदी कॉम्प्युटरचंच आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं थिसिससाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लाइट पेननं थेट स्क्रीनवर रेघ ओढायची, या दोन रेघा समांतर ठेव म्हटलं की मशीन त्या समांतर ठेवणार. तेव्हा बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं अशी तऱ्हा होती, त्यात हा पोरगा स्क्रीनवर चित्र काढत होता. आज इंजिनिअर लोक कॅडवर नकाशे काढतात त्याचं मूळ शोधत गेलं तर या थिसिसपाशी पोचतं. म्हणजे या विषयात विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट म्हणजे नुसती परीक्षेची तयारी कधीच नव्हती.

आता चिकट कागद. ती मुलाखतीतलं एकेक वाक्य, एकेक निरीक्षण वेगवेगळ्या कागदावर लिहिते, भिंतीवर लावते आणि जे एकमेकांशी संबंधित वाटतात ते जवळजवळ सरकवत जाते, आधी कप्पे ठरवून त्यात माल भरायचा नाही, कप्पे मालातूनच निघू द्यायचे. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची ही पद्धत, नेपाळमधल्या फील्डवर्कच्या नोंदींचा ढीग लावता लावता त्यांनी ती घडवली. आणि रिसेप्शनवर बसण्याचं म्हणाल तर फॉर्म भरणारी बाई मधेच मान वर करून शेजारच्या खिडकीकडे का बघते हे कोड वाचून कळत नाही, तिथं बसल्यावरच कळतं. नोकऱ्या यूएक्स (युजर एक्स्पिरियन्स) रिसर्चर, इंटरॅक्शन डिझायनर अशा नावांनी असतात, गेल्या काही वर्षांत अमेरिकेत कंपन्यांनी कपात केली त्यात या टीमपण सापडल्या हे खरंय, ते लपवत नाही. कोडिंग ती करतच असेल हो, तुमच्याशी बोलताना करत नसेल एवढंच.

प्रश्न : ताई, मी एम.टेक. सेकंड इयरला. अंगणवाडी सेविकांसाठी मराठी ॲप बनवलं, फ्लटरमध्ये, बॅकएंड, लॉगिन, डॅशबोर्ड सगळं आहे, सहा महिने त्यात गेले. गाइड म्हणतात हे प्रॉडक्ट झालं, रिसर्च नाही. मग रिसर्च म्हणजे अजून काय करायचं असतं? — एम.टेक.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : राग येईल तुला, पण तुझे गाइड अर्धे बरोबर आहेत. अर्धेच, कारण बनवणं हासुद्धा रिसर्च असू शकतो. जेकब वॉब्रॉक आणि जुली किएंट्झ यांनी २०१६ साली एचसीआयमधल्या योगदानाचे सात प्रकार मांडले होते, लोकांबद्दल नवं काही शोधणं, नवी वस्तू बनवणं, अभ्यासाची नवी पद्धत, थिअरी, डेटासेट, आधीच्या कामाचा आढावा आणि युक्तिवादासकट मांडलेलं मत. वस्तू त्यात आहे बघ. फक्त अट अशी की ती बनवल्यामुळे आधी कुणाला माहीत नसलेलं काहीतरी कळायला पाहिजे.

याच वॉब्रॉकचं स्वतःचं कार्नेगी मेलनमधलं विद्यार्थीदशेतलं काम घे. हात थरथरणाऱ्या माणसांना पाम पायलटसारख्या हातात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर स्टायलसनं, म्हणजे त्याच्या पेनानं, अक्षरं काढणं जमत नव्हतं. त्यानं लिहायच्या जागेवर प्लास्टिकची एक चौकोनी खाच बसवली, स्टायलस खाचेच्या कडेला दाबून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा, कोणते कोपरे कोणत्या क्रमानं लागले त्यावरून अक्षर ओळखायचं, मधली वाट कितीही वेडीवाकडी होऊ दे. २००३ साली ते एजराइट या नावानं छापून आलं. त्यात किती स्क्रीन होते, लॉगिन होतं का, कुणी विचारत नाही. थरथरत्या हाताला कडेचा आधार दिला की त्याची हालचाल स्थिर होते हे त्यातून कळलं आणि ते दुसऱ्या कुणालाही दुसऱ्या कुठल्या यंत्रात वापरता येतं.

आणि दुसरं, जरा आपल्या जवळचं. स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या नील पटेलनं गुजरातेतल्या शेतकऱ्यांसाठी आवाज ओटलो नावाची फोनवरची सेवा केली, फोन लावायचा, शेतीचा प्रश्न बोलून रेकॉर्ड करायचा, दुसऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायची. त्यात मेनू निवडताना तोंडानं बोलायचं की बटण दाबायचं हा मुद्दा आला. तुलाही वाटेल मलाही वाटेल, कमी शिकलेल्याला बोलणं सोपं. २००९ साली त्याच्या टीमनं दोन्ही तपासून पाहिलं तर बटणवाल्यांचं काम जास्त वेळा पूर्ण झालं, आणि आठवीच्या आत शिक्षण सुटलेल्यांमध्ये तर फरक अजूनच ठळक. सेवा काय, उद्या बंद पडेल, पण हा निष्कर्ष राहतो.

आता तुझ्या अंगणवाडीकडे येऊ. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, फोन तापतात, बंद पडतात, पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप मराठीत नीट नाही अशा तक्रारी होत्या. म्हणजे मराठी ॲप पाहिजे हे सेविकांनी स्वतः आंदोलन करून सांगितलेलं आहे, तो तुझा शोध होऊ शकत नाही. पण ॲपमध्ये भरूनसुद्धा वही का ठेवली जाते, आणि कुणासाठी? वजनकाट्यावर मूल रडत असताना एंट्री त्याच वेळी होते की संध्याकाळी घरी, आणि घरी होत असेल तर आठवणीतून की कागदावरून? सुपरवायझर बाईंनी आकडा मागितला की सेविका आधी फोन उघडते की रजिस्टर? यातला एक प्रश्न धर, एकच. तपन पारीखनं वॉशिंग्टन विद्यापीठात पीएचडी करताना तमिळनाडूतल्या बचतगटांबरोबर असंच काम केलं, त्यानं कागद हटवायचा हट्टच सोडला, कागदी फॉर्म तसेच ठेवले, त्यावर कोड छापले आणि फोनच्या कॅमेऱ्यानं ते वाचून पुढचं काम करायची सोय केली. बायकांचा विश्वास कागदावर होता, तो त्यानं मोडला नाही. तुझं ॲप फेकून देऊ नकोस, ते घेऊनच अंगणवाडीत जाऊन बस, आता ते प्रश्न विचारायचं साधन आहे. डॅशबोर्ड मात्र काढून टाक, तो कुणी मागितला होता?

प्रश्न : माझ्या प्रोटोटाइपची २० जणांवर टेस्ट घेतली. १९ जणांनी पाचपैकी पाच दिले, एकानं चार. तरी पेपर रिजेक्ट झाला, रिव्ह्यूअर म्हणतो रिझल्टवर विश्वास बसत नाही. मी काही खोटं केलेलं नाही. — एम.डेस. (डिझाइनचं मास्टर्स), नाशिक (जवळपास असंच पत्र कोल्हापूरहून पण)

उत्तर : तू खोटं केलं नाहीस, लोकांनी केलं, आणि प्रेमापोटी केलं. तू उन्हातून आलास, बूट काढून आत बसलास, काकूंनी चहा टाकला, मग तू खिशातून फोन काढून म्हणालास की हे मी बनवलंय, कसं वाटतं सांगा. आता कुठली काकू म्हणेल की बाळा, हे अगदीच रद्दी आहे?

निकोला डेल नावाच्या संशोधिकेनं पीएचडीच्या काळातच हे नीट मोजून दाखवलंय. बंगळुरात ४५० मुलाखती घेतल्या. लोकांसमोर दोन पर्याय ठेवायचे, त्यातला एक मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः बनवलाय असं कळेल असं बोलायचं. दोन्ही तंतोतंत सारखे असतानासुद्धा लोकांनी 'त्याचा' निवडायची शक्यता साधारण अडीच पट निघाली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी, असं असलं की पाच पट. पुढचं तर अजून भारी, त्याचा पर्याय मुद्दाम बिघडवून सरळसरळ वाईट केला तरी लोकांनी तोच पसंत केला. २०१२ साली हे एचसीआयच्या सीएचआय ऊर्फ काय या परिषदेत आलं (हो, उच्चार काय असाच करतात, आपल्याला बोलताना गंमत येते). तेव्हापासून भारतातल्या फील्डवर्कमध्ये सगळ्यांना आवडलं असं कुणी लिहिलं की रिव्ह्यूअरच्या भुवया वर जातात, त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? एक म्हणजे हे मी बनवलं हे बोलूच नकोस, जमलं तर टेस्ट मित्राला घ्यायला लाव. दोन पर्याय ठेव आणि आम्हाला यातला कुठला टाकून द्यायचा ते ठरवायचंय असं म्हण, वाईट बोलायला माणसाला निमित्त लागतं ते त्यातून मिळतं. मत विचारण्यापेक्षा काम दे, लाइट बिल भरून दाखवा म्हण आणि गप्प बस, बोट कुठं थबकतं, कुठं मागं जातं, कुठल्या क्षणी ते शेजारच्या पोराला हाक मारतात ते लिहून घे. "वापराल का?" हा प्रश्न तर बंदच कर, "मागच्या वेळी बिल कसं भरलं होतं?" असं विचार, त्याचं उत्तर घडलेलं असतं.

कोल्हापूरवाल्यानं एसयूएसचं विचारलंय, ती दहा वाक्यांची प्रश्नावली, एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी, जॉन ब्रुकची. तिच्यात एक वाक्य चांगलं एक वाईट अशी आलटून पालटून रचना आहे. मराठीत शब्दाला शब्द ठेवून उतरवलीस तर "मला ही प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची वाटली" याला "अजिबात सहमत नाही" म्हणताना लोकांचा गोंधळ उडतो, नाही कुठल्या नाहीला लागला हेच कळत नाही. आधी चारपाच जणांना ती मोठ्यांदा वाचायला लाव, काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लाव, मगच वाट. आणि ०ते१०० मधला तो स्कोअर म्हणजे टक्के नव्हेत, ६८च्या आसपास सरासरी धरतात, त्यामुळे ७० आले म्हणून फर्स्ट क्लासच्या आनंदात राहू नकोस.

प्रश्न : युजर किती घ्यायचे? कुणी ५ म्हणतं, कुणी ३०, आमच्या एचओडी १०० म्हणतात. — अनेक पत्रं

उत्तर : पाचचा आकडा जेकब निल्सन या युजर टेस्टिंगमधल्या तज्ज्ञांचा. त्यांच्या आकडेमोडीत एक युजर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो असं धरलंय, तसं धरलं की पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. म्हणजे ५ हे डिझाइनमधल्या चुका शोधायला, सुधारायला आणि परत पाच जणांकडे जायला. माझा कीबोर्ड त्या कीबोर्डपेक्षा फास्ट आहे हे सिद्ध करायला पाच माणसं कामाची नाहीत. केली केन यांनी काय परिषदेचे पेपर तपासून २०१६ मध्ये दाखवलं की तिथं सगळ्यात जास्त वेळा दिसणारा आकडा १२ आहे. पण १२ म्हणजे पवित्र असं नाही, फरक किती मोठा अपेक्षित आहे, प्रत्येक जण दोन्ही पर्याय वापरणार की एकच, यावर सगळं ठरतं. दोन्ही वापरणार असतील तर अर्ध्यांना आधी अ आणि मग ब, बाकीच्यांना उलटं दे, नाहीतर दुसऱ्याला सरावाचा फायदा फुकट मिळतो. आणि एचओडींना सांग, १०० जणांना गुगल फॉर्म पाठवणं आणि १०० जणांशेजारी बसणं यात फरक आहे. सांगायची हिंमत नसेल तर गाइडकरवी सांग.

प्रश्न : ताई, मराठी टायपिंगवर प्रोजेक्ट करतोय. आयडीसीचं स्वरचक्र आणि रोमनमधून मराठी टाइप करणारा कीबोर्ड यांची तुलना करायचीय. स्पीड शब्द प्रति मिनिट मोजू की अक्षरं? आणि वाक्यं कुठून घेऊ? — एम.एस्सी. कॉम्प्युटर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अरे वा, या विषयावर मी तासभर बोलेन, संपादक कापतील.

स्वरचक्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात अनिरुद्ध जोशींच्या टीमनं केलेला कीबोर्ड, व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली, क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, त्यात का कि की कु, बोट सरकवून सोडायचं. हलन्त निवडला की पुढची जोडाक्षरं कशी दिसतील ते बटणांवरच दिसतं. कळफलक कधीच न शिकलेल्या पण शाळेत बाराखडी म्हटलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवलेली ही रचना आहे.

मोजायचं कसं. इंग्लिशमध्ये पाच अक्षरं म्हणजे एक शब्द धरून स्पीड काढतात, ते इथं सरळ उचलू नकोस. 'स्त्री' घे. डोळ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई अशी सहा चिन्हं. रोमनमधून टाइप करणारा चारपाच बटणं दाबतो किंवा सुचवलेला शब्द उचलतो. मग याला एक म्हणशील, सहा म्हणशील की पाच? कुठलंही निवड, पण दोन्ही कीबोर्डला तेच लाव आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही, मी असते तर युनिकोड चिन्हं प्रति मिनिट मुख्य ठेवले असते आणि शेजारी दिसणारी अक्षरंही दिली असती.

चुका मोजताना खरी मजा आहे. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो, एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. 'ॲप'चा ॲ एकच चिन्ह असू शकतो किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. स्क्रीनवर बहुतेक वेळा सारखंच दिसतं, माणसानं बरोबर लिहिलंय, पण तुझी पायथनची स्क्रिप्ट म्हणणार चूक. दोन कीबोर्ड दोन वेगळ्या प्रकारे साठवत असतील तर एकाच्या नावावर न केलेल्या चुका चढतील. त्यामुळे आधी सगळं एका रूपात आण, मग तुलना कर. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपं एक करायची तयार सोय) लावलं म्हणजे झालं असं समजू नकोस, हे दोन्ही प्रकार त्यातून सुटतात, नियम स्वतः लिहावा लागतो.

वाक्यं म्हणशील तर मॅकेन्झी आणि सोकोरेफ यांची ५०० इंग्लिश वाक्यं सगळीकडे वापरतात, ती भाषांतर करून घेऊ नकोस, तसं मराठी कुणी लिहीत नाही. आपली छोटी, लक्षात राहतील अशी, रोजच्या वापरातली जमव, जोडाक्षरं आणि रफार यांचं प्रमाण खऱ्या मजकुराइतपत असू दे. सगळं "आई घर बघ" छाप झालं तर काहीच कळणार नाही.

आणि एक दिवस टेस्ट घेऊन निकाल लावू नकोस. नवा कीबोर्ड पहिल्या दिवशी हरतोच. मॅकेन्झी आणि झँग यांनी १९९९ साली ओप्टी नावाची कीबोर्डची मांडणी नेहमीच्या क्वर्टीशी २० सत्रं तुलना करून पाहिली, सुरुवातीला क्वर्टी कितीतरी पुढं होतं, दहाव्या सत्राच्या आसपास ओप्टीनं गाठलं आणि मग मागं टाकलं. तुझे सगळे सहभागी वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर "kasa ahes" ला देवनागरी करत आलेले असणार (रोमन लिपी छापल्याबद्दल संपादक ओरडतील, तर वाचा, कसा आहेस), त्यांच्या हातात तो सराव आहे. माणसं कमी घे, दिवस जास्त घे.

प्रश्न : मी अमेरिकेत पीएचडी करतेय, घरातले फोन बायका कशा वापरतात यावर. फील्डवर्क आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात करायचंय. युनिव्हर्सिटीच्या आयआरबीला (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) तीन पानी इंग्लिश संमतीपत्र आणि सही हवीय. गावात सही म्हटलं की बायका मागे सरकतात. — पीएचडीची विद्यार्थिनी

उत्तर : सरकणारच ग. सही, अंगठा म्हटलं की जमिनीचे कागद, बँकेचं कर्ज, भावांमधली वाटणी आठवते, त्यात तुझं अमेरिकेतल्या विद्यापीठाचं लेटरहेड. पण आयआरबीला नियमातलंच सांग. अमेरिकेच्या सुधारित कॉमन रूलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या सरकारी नियमांत, सही माफ करायची तरतूद आहे, ज्या समाजात सही करायची रीत नाही आणि अभ्यासात धोका नगण्य आहे तिथं तोंडी संमती चालते, फक्त ती मिळाली याची नोंद दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे ठेवावी लागते. मराठीत, गावातल्या मराठीत, दोन मिनिटांत वाचून होईल असं लिही. त्यात मधेच उठून गेलात तरी चालेल, उत्तर नाही दिलं तरी चालेल, मी सरकारी माणूस नाही आणि यातून कुठली योजना मिळणार नाही, एवढं ठळक येऊ दे. शेवटचं विशेष करून, कारण योजनेचं सर्वेक्षण समजून हो म्हणणारे फार असतात. भारतातला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदापण वाचून ठेव, आणि रेकॉर्डिंग कुठं साठवणार हे आयआरबीला आणि बायकांना दोघांनाही सांग.

खरा पेच वेगळाच आहे. फोन बाईचा असला तरी तो घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरतो. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या १९९ जणांवरचं काम छापलं, त्यात बायका फोन दुसऱ्याला द्यायच्या आधी एखादा फोटो, एखादा मेसेज तेवढा पुसतात, ठरावीक ॲपला कुलूप लावतात, काही गोष्टी फोनवर करतच नाहीत, असं सगळं नोंदवलंय. म्हणजे तू "फोन दाखवता का?" म्हणालीस आणि सासूबाई शेजारी बसल्यात तर तू त्या बाईला अडचणीत घालतेयस. मुलाखत ओढ्यावर, पिठाच्या गिरणीपाशी, बचतगटाच्या मीटिंगनंतर, जिथं ती एकटी सापडेल तिथं घे, तिच्या फोनवर तुझा मेसेज जाऊ देऊ नकोस, आणि गावाचं नाव छापूच नकोस, जिल्हासुद्धा नको. मानधन म्हणून रिचार्ज ठीक, पण घरात कुणाच्या नंबरवर करायचा ते तिलाच विचार.

अजून एक, गावात तू संशोधक नाहीस, अमक्यांची नात आहेस. दारं उघडतील, पण काही गोष्टी तुझ्या आजीपर्यंत जातील या भीतीनं कुणी बोलणार नाही. शक्य असेल तर पलीकडच्या, ओळख नसलेल्या गावात पण जा, दोन्हीकडं काय वेगळं ऐकू आलं तेच एक चॅप्टर होईल.

प्रश्न : आयटीत चार वर्षं टेस्टिंग केलंय. एचसीआयला जायचंय. भारतात की बाहेर, थिसिस की प्रोजेक्ट? — ठाणे

उत्तर : आयडीसी किंवा दुसऱ्या आयआयटीत एम.डेस. करायचं असेल तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, चित्र काढायची सवय लाव, सुंदर नको, समजेल असं. बाहेर कार्नेगी मेलनचा मास्टर्स एक वर्षाचा, त्यात खऱ्या क्लायंटसाठी टीमनं करायचा मोठा प्रोजेक्ट असतो. जॉर्जिया टेकचा दोन वर्षांचा. नोकरी हवी तर टीमचा प्रोजेक्ट, पीएचडीचा विचार असेल तर थिसिस. टेस्टिंग केलंय हे लपवू नका, माणूस चुकीचं बटण का दाबतो हे तुम्ही चार वर्षं पाहिलंय.

प्रश्न : युजर मिळत नाहीयेत, डेडलाइन दोन आठवड्यांवर. ज्येष्ठ नागरिकांसाठी मराठी व्हॉइस असिस्टंट आहे माझा, तोही अर्धवट चालतो. चॅटजीपीटीला "तू ७० वर्षांची आजी आहेस" असं सांगून टेस्ट घेतली तर? — एम.ई., अमरावती

उत्तर : नको. ती आजी अतिशय समंजस निघेल, पूर्ण वाक्यात बोलेल, मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठणार नाही, कवळी काढून ठेवलेली नसेल, आणि "अगं तू बोल ना, मी काय बोलू या डबड्याशी" असं म्हणणार नाही. म्हणजे तुला ज्याचा अभ्यास करायचाय नेमकं तेवढंच गायब. प्रश्नावलीची पहिली रंगीत तालीम करायला वापर हवं तर, चुका सापडतील, पण तो डेटा म्हणून छापलास तर ती फसवणूक आहे.

त्यापेक्षा उलटं कर. मशीनला माणूस बनवण्याऐवजी माणसाला मशीन बनव, हे विषयातलं जुनं आणि मान्य तंत्र आहे. १९८०च्या सुमाराला जॉन्स हॉपकिन्समध्ये पीएचडी करणाऱ्या जेफ केलीला साध्या इंग्लिशमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्रॅम करायचा होता, लोक नक्की काय काय बोलतील हेच माहीत नव्हतं, म्हणून सुरुवातीला प्रोग्रॅमच्या जागी पडद्याआड तो स्वतः उत्तरं देत बसला, लोकांना वाटायचं कॉम्प्युटर बोलतोय. लोक जे बोलले त्यावरून त्यानं खरा प्रोग्रॅम वाढवत नेला. याला विझर्ड ऑफ ऑझ म्हणतात.

तुझा असिस्टंट अर्धवट चालतो ना, मग स्पीकर टेबलावर ठेव, आणि आतल्या खोलीत भावाला लॅपटॉप घेऊन बसव, आजी जे विचारतील त्याचं उत्तर तो टाइप करेल, मशीनच्या आवाजात बाहेर वाजेल. सात-आठ आज्या-आजोबा विरंगुळा केंद्रात एका सकाळी मिळतात, तिथल्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी भेट आणि अर्ध्या तासाच्या वर कुणाला बसवणार नाही असं सांग. भावाला नियम लिहून दे, कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, कुठल्याला "समजलं नाही, परत बोला" म्हणायचं, नाहीतर तो मशीनपेक्षा हुशार वागेल आणि सगळा डेटा वाया. कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आजच मेल कर. आणि टेस्ट संपली की प्रत्येकाला आत नेऊन भाऊ दाखव, हा बोलत होता म्हणून सांग, हे टाळायचं नाही. बहुतेक जण हसतील, एखादे आजोबा चिडतील, चिडले तर त्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर डिलीट कर.